काट्यावरची बोट

हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या फाटकाबाहेर नोव्हेंबरातल्या सकाळी कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. सात-आठ बैलबंड्या, दोन ट्रॅक्टर, तीन-चार 'छोटा हत्ती' टेम्पो... आणि त्यांच्या मधोमध एक बोट.

खरीखुरी बोट. पांढरी, सोळा फुटांची, पुढे बुटकी केबिन, मागे वर उचलून बांधलेलं इंजिन. दोन चाकांच्या ट्रेलरवर बसून, एका जुन्या जीपच्या मागे, ती मुकाट रांगेत उभी होती.

"काय बाप्पा," मागच्या ट्रॅक्टरवरचा शेतकरी ओरडला, "कापूस डोंग्यात भरून आनला का?"

"यंदा पानी लय झालं न," दुसरा म्हणाला. "वावरातून डोंग्यानंच काढा लागला असन."

सगळे हसले. जीपमधला प्रफुल्लही हसला. दुसरं करणार काय?

प्रफुल्ल थूल वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेचा. नऊ वर्षं त्याने गोव्यात बोटींच्या इंजिनांवर काम केलं. वडील गेले तेव्हा तो घरी परत आला, आणि येताना मालकाने टाकून दिलेली एक बोट दुरुस्त करून सोबत घेऊन आला. उन्हाळा-पावसाळा तो लोकांचे मोटारपंप दुरुस्त करायचा. दिवाळी झाली की बोट जीपला जोडायची, हैदराबादच्या रस्त्याला लागायचं, निर्मलवरून बासरला जाऊन गोदावरीच्या धरणाच्या पाण्यात उतरायचं, आणि होळीच्या तोंडापर्यंत बोटीतच राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याची माय म्हणाली, "लोकायचे पंप हिवाळ्यात बिघडतेत, अन् हा बुवा हिवाळ्यातच पळते."

हे पहिलंच वर्ष होतं. आणि पहिल्याच दिवशी हिंगणघाटच्या अलीकडे ट्रेलरचं बेअरिंग जळलं. मेकॅनिकने नवं टाकून दिलं, पण बजावलं की हा अ‍ॅक्सल बाराशे किलोचा आहे, आधी वजन करून घ्या. सगळ्यात जवळचा वजनकाटा या जिनिंगचा होता.

त्याचा नंबर आला. जीप सोडवून त्याने ट्रेलर काट्यावर उभा केला आणि खोलीच्या छोट्या खिडकीपाशी गेला. आत एक मुलगी मान खाली घालून बसली होती.

"गाडी नंबर?"

त्याने सांगितला.

"माल?"

"बोट."

मान वर आली. तिच्या भुवयांवर कापसाचे बारीक तंतू बसले होते, त्यामुळे ती एकाच वेळी पंचविशीची आणि म्हातारी दिसत होती. तिने बोटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा बोटीकडे.

"आमच्या मशीनमंदी कापूस आहे, सरकी आहे, गाठी आहे, ढेप आहे. बोट नाई."

"मंग?"

"मंग काय... कापूस टाकते." तिने खरंच टाइप केलं. "ओल किती आहे?"

"म्हंजे?"

"ओल. कापूस ओला असला का आमी वजन कापतो. तुमच्या मालात ओल किती?"

"आज तं कोरडाच आहे," प्रफुल्ल म्हणाला. "उद्या ओला होईन."

ती हसली नाही. पण ओठ घट्ट मिटले, आणि गालाला एक खळी पडून गेली. प्रफुल्लने ती पाहिली. आजही त्याला त्या दिवसाचा रस्ता आठवत नाही, मेकॅनिकचा चेहरा आठवत नाही. खळी आठवते.

"बाराशे पन्नास," ती म्हणाली.

"पन्नास जास्त झाले." त्याने डोकं खाजवलं.

"काय काय भरलं आहे आत?"

"तांदूळ, डाळ, पेट्रोल, सिलिंडर, पान्याचे दोन कॅन..."

"पान्याचे?" ती उठून खिडकीला टेकली. "पान्यावर राहाले चालले, अन् पानी घरून नेऊन राह्यले?"

मागच्या रांगेत पुन्हा हशा पिकला. प्रफुल्लने दोन्ही कॅन उतरवून लिंबाच्या झाडाला ओतले. काटा बरोबर बाराशेवर आला.

तिने पावती फाडून दिली. माल – कापूस.

"आता रिकामी आनजा," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी. आमच्याकडं दोन वजनं लागतेत. भरल्या गाडीचं अन् रिकाम्या गाडीचं. एका वजनाची पावती अर्धीच ऱ्हायते."

"रिकामी व्हाले फेब्रुवारी लागन."

"मंग फेब्रुवारीत आनजा," ती म्हणाली, आणि पुढच्या बंडीला हाक मारली.

फेब्रुवारीत तो आला. परतीच्या वाटेवर हिंगणघाटच्या आधी तीन काटे लागले होते. तो एकाही ठिकाणी थांबला नाही.

"अकराशे," ती म्हणाली. "शंभर किलो खाल्लं तुमी?"

"पेट्रोल पन होतं त्यात."

"ते बी पेले?"

हंगाम संपत आला होता, रांग छोटी होती. फाटकाजवळच्या टपरीवरून चहा आला, आणि खिडकीच्या आत ती, बाहेर तो, असे दोघं तो पीत उभे राहिले. तिचं नाव पौर्णिमा. वडील प्रेमदास कापडाच्या गिरणीतून रिटायर झालेले, घरात दोघंच. आठ वर्षं ती या काट्यावर होती.

"झोपता कुठी?" तिने विचारलं.

"केबिनमंदी. दोन बाकांच्या मधात फळी टाकली का बिछाना. उठून बसलं का टाळकं लागते वर."

"अन् न्हाता?"

"मागच्या बाजूनं. बादलीनं."

"जानेवारीत?"

"जानेवारीत... दिवसाआड."

तिने नाकाला ओढणी लावली आणि अर्धं पाऊल मागे सरकली. दोघंही हसले.

मग तो सांगत बसला. पहाटे केबिनच्या छताला आतून दव धरतं आणि पहिला थेंब बरोबर नाकावर पडतो, त्यामुळे घड्याळ लागत नाही. भांडी बांधून ठेवावी लागतात. एकदा वरणाचं पातेलं बांधायला विसरला, तर एका डोंग्याच्या लाटेने अख्खं वरण बिछान्यात गेलं आणि दोन दिवस तो हिंगाच्या वासात झोपला. आणि रात्रभर बोट नांगराभोवती फिरत राहते.

"निजताना खिडकीत एक गाव दिसते," तो म्हणाला. "उठलं का दुसरंच."

पौर्णिमाने आपल्या खिडकीबाहेर पाहिलं. "माझ्या खिडकीत आठ वर्षं झाले... हेच फाटक."

ती हे रडगाणं म्हणून बोलली नव्हती. सहज बोलली होती. प्रफुल्ल मात्र वर्ध्यापर्यंत गाडी चालवताना तेच वाक्य ऐकत राहिला.

दुसऱ्या वर्षी तो नवा अ‍ॅक्सल टाकून आला, पंधराशे किलोचा. आता वजन करायची गरज नव्हती. तरी तो रांगेत उभा राहिला. शेतकरी आता ओळखायला लागले होते. "आला बाप्पा डोंगेवाला," म्हणायचे. "यंदा भाव काय भेटते बोटीले?"

त्या हिवाळ्यात फोन सुरू झाले. पाण्यावर रेंज नसायची, पण रविवारी तो पेट्रोल आणि भाजी घ्यायला बासरच्या घाटावर यायचा, आणि रविवारी काटा बंद असायचा. तो घाटाच्या पायरीवर बसून बोलायचा, ती घराच्या गच्चीवर वाळवण राखत बोलायची. काय बोलायचे? काही नाही. आज कोणतं गाव दिसलं. कोणाच्या बंडीत दगड सापडला. ती म्हणायची, ठेवते आता. तो म्हणायचा, हो. मग आणखी वीस मिनिटं...

पौर्णिमा आता नाही. पण ही गोष्ट ती असतानाची आहे, म्हणून हिच्यात तिला तशीच बोलू द्यावी, जशी ती बोलायची.

फेब्रुवारीत येताना त्याने तिच्यासाठी निर्मलहून रंगवलेला लाकडी पोपट आणला. तिने तो कॉम्प्युटरवर ठेवला.

"एकदा चला ना," तो म्हणाला. "बाबाले घेऊन. पाहाले."

"कवा?" तिने पोपटाचं तोंड फाटकाकडे वळवलं. "दिवाळीले माझा काटा उघडते, होळीले बंद होते. तुमची बोट दिवाळीले निघते, होळीले येते."

"उन्हाळ्यात..."

"उन्हाळ्यात धरनात चिखल. पावसाळ्यात तुमीच म्हनता, बोट काढू नाई." तिने पोपट पुन्हा आपल्याकडे वळवला. "अन् सीझनमंदी काटा सोडला, तं शेट दुसरी बसवते. घर चालते माझ्या या चार महिन्यावर."

अडचण सरळ होती. त्याचे चार महिने तेच तिचे चार महिने. कोणीतरी आपले सोडल्याशिवाय दोघांना एक हिवाळा मिळणार नव्हता, आणि तुझे सोड असं तो तिला म्हणू शकत नव्हता.

तिसऱ्या नोव्हेंबरात आभाळ भरून आलं होतं. कापूस भिजेल म्हणून सगळ्यांना घाई. बोट काट्यावर चढली तेव्हा मागून चार हॉर्न वाजत होते.

"चौदाशे दहा," ती म्हणाली. "लय भरलं यंदा."

"तेवढंच आहे. नवा अ‍ॅक्सल आहे, काई चिंता नाई." तो खिडकीला टेकला. "यंदा मोठ्या पान्यात जातो. आतापर्यंत काठाकाठानं फिरलो, येत्या सोमवारी धरनाच्या भिंतीकडं निघतो. तथी पानी असं दिसते का पल्याडचा काठच नाई. पौर्णिमा... मी म्हनत होतो का—"

"ओ डोंगेवाले! घरी जाऊन बोला ना बे!" ट्रॅक्टरवाला ओरडला.

"येतो," प्रफुल्ल म्हणाला.

"या," ती म्हणाली.

संध्याकाळी काटा बंद करून तिने डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यातून पावत्या काढल्या. प्रत्येक पावतीची एक प्रत ऑफिसात जायची. बोटीच्या प्रतींचं ऑफिसला काही काम नव्हतं, म्हणून त्या तिने ठेवल्या होत्या. म्हणून म्हणजे... ठेवल्या होत्या. पाच पावत्या तिने टेबलावर ओळीने मांडल्या.

पहिल्या वर्षी जाताना बाराशे, येताना अकराशे. दुसऱ्या वर्षी जाताना साडेबाराशे, येताना बाराशे तीस. चार महिने खाऊन-पिऊन, पेट्रोल जाळून फक्त वीस किलो कमी? आणि यंदा तेवढंच सामान, आणि चौदाशे दहा.

दहा वर्षं कापसाच्या काट्यावर बसलेल्या माणसाला एक गोष्ट विचार न करता कळते. माल तेवढाच आणि वजन जास्त, तर आत पाणी आहे.

तिने फोन लावला. लागला नाही. शुक्रवारी लागला नाही, शनिवारी लागला नाही. सोमवारी तो मोठ्या पाण्यात जाणार होता, आणि रविवारी फोनवर सांगितलं असतं तर त्याने ते हसून उडवलं असतं. शनिवारी दुपारी, भर हंगामात, तिने काट्याची किल्ली मालक पुंडलिकरावांच्या टेबलावर ठेवली.

"चार दिवसानं येते."

"सीझनमंदी?" पुंडलिकरावांनी चष्मा काढला. "चार म्हंजे चार, पोरी. पाचव्या दिवशी मी थांबत नाई."

प्रेमदास सोबत निघाले. पोरीला एकटीला कसं पाठवायचं? आदिलाबाद, निर्मल, बासर. तीन बसा बदलून दोघं रविवारी सकाळी घाटावर पोहोचले आणि पायऱ्यांवर बसले.

साडेनऊला धुक्यातून इंजिनाचा आवाज आला. प्रफुल्लने आधी पिवळी ओढणी पाहिली. मग तिला पाहिलं. मग त्याने इंजिन बंद केलं आणि दोर फेकायचा विसरला, त्यामुळे बोट घाटाला ठप्पकन येऊन आदळली.

"पौर्णिमा? तुमी... इथी?"

"सामान उतरवा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"आधी सामान उतरवा. बोट पानी पेली आहे."

तो हसला. "बोट पानी पीत नसते. तळात कुठी थेंब नाई, रोज पाह्यतो मी. नऊ वर्षं याच कामात..."

तिने पाच पावत्या त्याच्या हातात दिल्या.

त्याने त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग काही न बोलता बोटीत गेला, गुडघ्यावर बसला आणि मागच्या बाजूला फळीवर बोटाने वाजवून पाहिलं. भरल्या माठासारखा आवाज आला. फळीच्या खाली, तळाच्या वर, बोट तरंगावी म्हणून फोम भरलेला असतो. पाणी साचलं नव्हतंच. दोन वर्षं ते थेंब थेंब करून फोमने पिऊन घेतलं होतं.

बोट ट्रेलरवर ओढून त्याने मागे खाली ड्रिलने एक भोक पाडलं. आधी एक थेंब आला. मग करंगळीएवढी धार लागली. सूर्य मावळला तरी ती थांबली नव्हती.

प्रफुल्ल पायरीवर बसून त्या धारेकडे पाहत होता. मोठ्या पाण्यात मागून एक बरी लाट आली असती, तर बोट मागच्या मागे बसली असती. पोहून जायला काठ नव्हता.

"जयभीम," शेजारी येऊन बसत प्रेमदास म्हणाले. "मी हिचा बाप. मले पोहता येत नाई, तवा मले बोटीत बसा म्हनू नका. बाकी काई मदत लागली तं सांगजा."

मदत लागलीच. फळ्या काढून आतला फोम खरवडायचा होता. बाप-लेक देवस्थानाच्या धर्मशाळेत राहिले, प्रफुल्ल जीपमध्ये झोपला, आणि दिवसभर तिघं घाटाच्या एका कोपऱ्यात फोमचे पिवळे ओले तुकडे पिळत बसले. पोरांना सरस्वतीच्या देवळात पाटीपूजेला घेऊन आलेले लोक थांबून पाहायचे. एका बाईने विचारलं, हा खरवस विकायचा आहे का? प्रेमदास गंभीरपणे म्हणाले, "आज संपला, उद्या या."

पौर्णिमाच्या भुवया आता स्वच्छ होत्या. प्रफुल्लला त्यांची सवय व्हायला दोन दिवस लागले.

"काय पाहून राह्यले?"

"काई नाई."

"मंग पिळा ना. हात थांबले तुमचे."

चौथ्या दिवशी पुंडलिकरावांचा फोन आला. तिने आणखी दोन दिवस मागितले. सातव्या दिवशी आला तेव्हा तिने फोन उलटा करून ठेवला. प्रफुल्लने ते पाहिलं, आणि त्या संध्याकाळी, वाळलेल्या तळात फोमऐवजी रिकाम्या बंद बाटल्या जाळीत बांधून भरता भरता, त्याने मनात जुळवून ठेवलेलं बोलून टाकलं.

"मी विचार केला... बोट इकतो. हिंगनघाटात दुकान टाकतो, जिनिंगच्या मोटारी दुरुस्त करतो. तुमी काट्यावर, मी समोर. उद्याच्या बसनं तुमी निघा, काटा जाऊ देऊ नका."

पौर्णिमाने हातातली बाटली खाली ठेवली.

"मंग मी कायले आली?"

"म्हंजे..."

"बोट वाचवाले आली का इकाले आली? हप्ता झाला पिळून राह्यली, हाताचे सालटे निघाले, अन् तुमी म्हनता इकतो!"

"तुमच्यासाठी म्हनून राह्यलो."

"माझ्यासाठी म्हनता, तं मले इचारा का काय पाह्यजे तुले. का तेबी तुमीच ठरवान?"

घाटावर घंटा वाजत होती. मग त्याने हळूच विचारलं, "काय पाह्यजे... तुले?"

पहिल्यांदाच तो तिला 'तुले' म्हणाला होता. तिच्या ते लक्षात आलं, कारण खळी पडली.

"निजताना एक गाव, उठलं का दुसरं," ती म्हणाली. "दोन वर्षं झाले ऐकून राह्यली. मले पाहाचं आहे."

"अन् बाबा?"

तिने घाटाकडे पाहिलं. प्रेमदास दोन यात्रेकरूंना बोट कशी चालते ते समजावून सांगत होते, जशी काही त्यांनीच बांधली.

"आनंदाआत्या आठ वर्षापासून बोलावून राह्यली त्यायले. जातच नाई. मले एकटीले सोडून जात नाई. चार महिने बाबा राहीन तिच्याकडं." तिने पुन्हा बाटली उचलली. "लग्न करून नेजा पन. असं नाई."

"असं कसं नेईन..." तो म्हणाला, आणि त्याच्या हातातली जाळी सुटून साऱ्या बाटल्या घाटाच्या पायऱ्यांवरून खडखड उतरत पाण्यात गेल्या. त्या गोळा करायला दोघांना अंधार पडेपर्यंतचा वेळ लागला. त्यांनी मुद्दामच लावला असेल.

नवव्या दिवशी दुपारी बोट पाण्यात उतरली. पौर्णिमा केबिनमध्ये शिरताना डोकं आपटून घेऊन आली आणि कपाळ चोळत पुढच्या बाकावर बसली. प्रेमदास पायरीवरच राहिले, तिचा फोन आणि तिघांच्या चपला राखत. प्रफुल्लने बोट घाटापासून थोडी दूर नेली, हाकेच्या अंतरावर, आणि इंजिन बंद केलं. बोट हलकी झाली होती. जरा वारा आला की फिरत होती, नव्या वासरासारखी.

पुढे त्या बोटीत नऊ हिवाळे झाले. कोणत्या हिवाळ्यात काय झालं, ते प्रफुल्लला आता क्रमाने आठवत नाही. ही दुपार मात्र त्याला मिनिटामिनिटाने आठवते. पाण्यावर उन्हाचे तुकडे होते. ती बोटीच्या काठावरून हात पाण्यात सोडून बसली होती, आणि सालटं निघालेल्या बोटांना पाणी झोंबलं की नाक मुरडत होती, पण हात काढत नव्हती.

घाटावर फोन वाजला. दोघांनाही ऐकू आला. दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं.

"हॅलो!" प्रेमदास एवढ्या मोठ्याने बोलायचे, जसे हिंगणघाटपर्यंत फोनशिवायच पोहोचवायचं आहे. "हो, मी तिचा बाप... नाई, आता नाई बोलू शकत ते... काऊन म्हंजे? पान्यावर आहे!"

मग बराच वेळ ते ऐकत राहिले. मग तोंडाशी हात धरून ओरडले, "पोरी! शेट म्हनते, उद्यापासून काट्यावर दुसरी बसवतो. छाया म्हनून कोनी आहे. काय सांगू?"

प्रफुल्लचा हात इंजिनाच्या दोरीवर गेला. अजूनही घाट जवळ होता, अजूनही दुपारची बस मिळाली असती. पण दोरी त्याने ओढली नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

पौर्णिमा थोडा वेळ पाण्यातल्या आपल्या हाताकडे पाहत होती. मग तिने मान वर केली.

"बसू द्या म्हना!" ती ओरडली. "अन् तिले सांगा... खिडकीची खालची कडी मोडली आहे, वरची लावजो. नाई तं थंडीचं लय वारं येते आत!"